रकान्यातली रेघ

गेल्या आषाढात एका कागदावर मी मारलेली आडवी रेघ अजून माझ्या मनातून जात नाही. कागद बेळगावातल्या एका निसर्गोपचार केंद्रातला, नव्या रुग्णाची माहिती लिहून घेण्याचा होता. छापील मजकूर कानडीत होता, आणि शाळेत शिकलेल्या कानडीच्या बळावर मी तो अक्षर अक्षर लावत वाचत होते. डॉक्टरबाई आत्याला प्रश्न विचारत होत्या आणि कागद भरण्याचे काम त्यांनी माझ्याकडे दिले होते. नाव, वय, गाव, झोप, तहान, भूक, शौच असे एकेक रकाने भरत मी खाली आले. ‘सध्या चालू असलेली औषधे’ असा एक रकाना होता आणि त्याच्यापुढे दोन ओळींची मोकळी जागा होती. आत्याच्या मांडीवर कापडी पिशवी होती, पिशवीत बटवा होता आणि बटव्यात गोळ्यांची तीन पाकिटे होती. हे मला पक्के ठाऊक होते, कारण सकाळी त्यातली एक गोळी मीच तिच्या हातावर ठेवली होती. तरीही त्या मोकळ्या जागेत मी रेघ मारली.

आत्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या एका खेड्यात राहते. सत्तरी ओलांडली, तरी गेल्या वर्षापर्यंत भाताच्या रोप लावणीला ती शेतात उतरत असे. त्या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून उभे राहणे म्हणजे काय, हे सांगायला नको. तिचे दोन्ही गुडघे गेली चार-पाच वर्षे दुखत होते, वजन वाढले होते, पोट साफ होत नव्हते. साखरेचा आजार नऊ वर्षांचा आणि रक्तदाबाचा त्याहून जुना. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेतून बायकांचा एसटीचा प्रवास मोफत झाल्यापासून ती शून्य रुपयांचे तिकीट हातात धरून अधूनमधून माझ्याकडे येते आणि दर वेळी पिशवीतून काही तरी काढते. कधी नाचणीचे पीठ, कधी रताळी, कधी घरच्या तांदळाची पुरचुंडी. या वेळी मात्र तिने काही काढले नाही. पायरीवर बसून ती म्हणाली, “बाई, मला आता गोळ्या नकोत. बिनगोळ्यांचं औषध देणारं कुणी असलं तर दाखव.” मला ते पटले. मी स्वतः कधी काळी पाठदुखीसाठी असे उपचार घेतले होते आणि मला त्यांचा उपयोग झाला होता, त्यामुळे मी तिला मोठ्या विश्वासाने घेऊन गेले.

निसर्गोपचाराच्या पहिल्या भेटीत तपासणीपेक्षा बोलणे फार असते, हे नव्याने जाणाऱ्याला आधी कळलेले बरे. सर्दी-तापाला आपण दवाखान्यात जातो तेव्हा पाच मिनिटांत चिठ्ठी हातात पडते. इथे तसे नव्हते. जवळजवळ तासभर त्या तरुण डॉक्टरबाई विचारत राहिल्या. रात्री किती वाजता जेवता, जेवणानंतर किती वेळाने आडव्या होता, पाणी उभ्याने पिता की बसून, उजाडताना अंग जड वाटते का, मन कशाने उदास होते. शेवटच्या प्रश्नाला आत्या बराच वेळ काही बोलली नाही आणि मग हळूच म्हणाली, “हे गेल्यापासून संध्याकाळी.” माझ्या काकांना जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती आणि तिला हा प्रश्न आजवर कुणीच, मीसुद्धा, विचारला नव्हता. त्या एका उत्तरासाठी मी त्या केंद्राची आजही ऋणी आहे. डॉक्टरबाई दक्षिणेकडच्या होत्या, त्यांचे शिक्षण किनाऱ्याकडच्या भागात झालेले. बेळगावात येऊन त्यांना वर्षही झाले नव्हते. आत्याची कानडी आठवडी बाजारापुरती आणि त्यांची मराठी त्याहून थोडी, अशा त्या दोघींचे बोलणे दोन्ही भाषांच्या तुकड्यांवर चालले होते. अडले की त्या दोघी माझ्याकडे पाहत आणि मी दुवा जोडून देत असे.

मग त्यांनी विचारले, “अम्मा, मात्रे तगोतीरा?”

आत्याने माझ्याकडे पाहिले. क्षणभरच पाहिले. मग ती म्हणाली, “नाही.” आणि मी रेघ मारली.

तिच्या त्या पाहण्याचा मी एक अर्थ लावला. गोळ्यांचा विषय इथे काढू नको, हे लोक रागावतील, आल्या पावली परत पाठवतील, असे ती मला डोळ्यांनी सांगते आहे, असे मला वाटले. वडीलधाऱ्या बाईला परक्या माणसापुढे खोटे पाडायचे नाही, ही आपल्याकडची भीड माझ्या हाडीमांसी मुरलेली आहे. घरी गेल्यावर बोलू, असे मनाशी म्हणून मी पुढच्या रकान्याकडे वळले. घरी गेल्यावर अर्थातच ते राहून गेले.

उपचार सुरू झाले ते मातीपासून. ती माती वरची नसते. तीन-चार फूट खोल खणून, खत-फवारणी न पोचलेली काढतात, वाळवतात, चाळतात आणि रात्रभर पाण्यात भिजवतात. सकाळी पातळ कापडात ती वीतभर रुंद पसरून गुंडाळतात आणि उपाशी पोटावर बेंबीच्या खाली वीस मिनिटे ते अर्धा तास ठेवतात. पट्टी ठेवताच आत्याने दचकून श्वास आत ओढला, मग हळूहळू सोडला. थोड्या वेळाने तिने बोटाने कडेची माती उचलून नाकाशी नेली. “ही आपल्याकडची नव्हे,” ती म्हणाली, “आपली तांबडी असते. ही काळी, गोकाकाकडची वाटते.” मग छताकडे पाहत म्हणाली, “जन्मभर चिखलात उभी राहिले, आता चिखल माझ्यावर आला.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गुडघ्यांना गरम पाण्याचा शेक, थंड पाण्याच्या टबात कंबरेपुरते बसून घ्यायचे कटिस्नान, हलका मसाज, आणि या सगळ्याच्या जोडीला तीन दिवस फक्त रस आणि फळे. सकाळी दुधीचा रस, दुपारी पपई, संध्याकाळी मोसंबी. तीन दिवसांचा तक्ता माझ्या हातात दिला गेला आणि मी तो स्वयंपाकघरात दाराला अडकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास ती देवघराजवळ भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर घामाचे थेंब होते. बाहेर पाऊस पडत होता, खोली गार होती, आणि तिच्या पदराची कड मात्र मानेजवळ ओली झालेली होती. शेजारच्या काकू आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “काही नाही हो, शरीर शुद्ध होताना असा त्रास होतोच. विष बाहेर पडतंय.” हे वाक्य मीही पूर्वी ऐकलेले होते, आणि खरे सांगायचे तर पहिली दहा मिनिटे मी त्यावर विश्वास ठेवला. ती दहा मिनिटे मला फार महाग पडली असती. मग आत्याने पाण्याचा पेला उचलायला हात पुढे केला आणि तिची बोटे पेल्याच्या बाजूने निघून गेली. तिने माझ्याकडे पाहिले आणि मला माझ्या आजीच्या नावाने हाक मारली.

घरात माझ्या यजमानांचे साखर मोजायचे यंत्र होते. आकडा आला ४८. सत्तरच्या खाली साखर गेली की ती धोक्याची समजतात, एवढे मला माहीत होते. ती शुद्धीवर होती आणि गिळू शकत होती म्हणून अर्धा पेला पाण्यात तीन चमचे साखर ढवळून मी तिला घोट घोट पाजले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात असे काही ओतायचे नसते, तसे झाले असते तर थेट रुग्णालयच गाठावे लागले असते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, पुन्हा साखर दिली, मग भाकरीचा तुकडा आणि ताक दिले. आकडा शंभरावर गेला तेव्हा तिने मला माझ्या नावाने हाक मारली, आणि मी तिथेच जमिनीवर बसून रडले. संध्याकाळी आमच्या नेहमीच्या फिजिशियनांनी बटवा उघडून पाकिटे पाहिली आणि उलगडा केला. आत्याच्या गोळीत ग्लिमेपिराइड होते. हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आले आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. दोन वेळचे जेवण गृहीत धरून ठरवलेली मात्रा रसावर राहणाऱ्या शरीरात गेली तर साखर खाली जाणारच. त्यात हे औषध बराच वेळ काम करत राहते, म्हणून एकदा साखर वर आली तरी रात्रभर दर काही तासांनी मोजत राहा, असे त्यांनी बजावले. त्या रात्री मी घड्याळाचा गजर लावून चार वेळा उठले.

पहाटेच्या मोजणीच्या वेळी आत्या जागीच होती. मी तिला विचारले, “आत्या, त्या बाईंनी गोळ्यांचं विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस?” ती अंधारात माझ्याकडे वळून म्हणाली, “गोळ्यांचं कुठं विचारलं त्यांनी? मात्रा घेता का, म्हणाल्या. मी कुठली मात्रा घेणार? म्हणून तर तुझ्याकडं बघितलं, की काय म्हणतायत ते तू सांगशील.”

आमच्या सीमाभागात राहणाऱ्यांना यातली मेख लगेच कळेल. इथल्या बाजारात, दवाखान्यात, औषधाच्या दुकानात मराठी काय नि कानडी काय, सगळेच गोळीला ‘गुळगी’ म्हणतात. निपाणी-चिकोडीपासून धारवाडपर्यंत हा शब्द चालतो. डॉक्टरबाईंनी ‘गुळगी’ म्हटले असते तर आत्याने बटवा काढून टेबलावर ठेवला असता. त्यांनी दक्षिणेकडचा, पुस्तकी कानडीतला ‘मात्रे’ हा शब्द वापरला. मात्रे म्हणजे गोळीच. आत्याच्या कानावर मात्र ‘मात्रा’ आली, तान्ह्या बाळाला सहाणेवर उगाळून चाटवायची, वैद्याने पुडीत बांधून द्यायची. ती मात्रा तिने गेल्या कित्येक वर्षांत घेतली नव्हती. तिने खरे उत्तर दिले होते. तिच्या डोळ्यांत प्रश्न होता आणि मी तो दडवादडवीचा इशारा म्हणून वाचला. दोन्ही भाषा समजणारी त्या खोलीत मी एकटी होते.

मला तो इशारा इतका सहज का वाटला, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. आमच्या घरात दडवण्याला जुना इतिहास आहे. माझे आजोबा बेळगावच्या शहापुरात राहत आणि निसर्गोपचारावर त्यांची निष्ठा होती. महात्मा गांधींनी १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचनला सुरू केलेल्या आश्रमात ते पुण्यात गाडी बदलून जात, महिना महिना राहून येत. एकदा येताना त्यांनी कटिस्नानाच्या टबाचे माप लिहून आणले आणि आमच्या परसातल्या टबाचा जन्म झाला. पाठीला उतार असलेला, जस्ताच्या पत्र्याचा, तळाशी तोटी बसवलेला. आत्या आणि माझे वडील लहानपणी त्यात डुंबत. मी पाहिला तेव्हा त्यात चिंच भरून ठेवलेली असे. आजोबांना हर्निया होता. तो त्यांनी अनेक वर्षे पोटपट्टी बांधून सांभाळला, आश्रमात सांगितला नाही आणि गावातल्या डॉक्टरांनाही दाखवला नाही. आश्रमात सांगावे तर श्रद्धा कमी पडली असे होईल आणि डॉक्टरांना सांगावे तर ते सुरी काढतील, अशी त्यांची समजूत होती. मी नऊ वर्षांची असताना एका रात्री तो अडकला आणि ते वेदनेने वाकले. शस्त्रक्रियेला ते तेव्हाही नाहीच म्हणत होते.

त्यांचे मन वळवले ते त्यांच्या एका मित्राने, आणि तो काय बोलला ते आमच्या घरात वारंवार सांगितले जाते. बेळगावच्या टिळकवाडीत १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले, गांधीजी त्याचे अध्यक्ष होते, आणि दहा वर्षांचे आजोबा वडिलांच्या खांद्यावर बसून ते पाहायला गेले होते. ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत अभिमानाची आठवण होती. मित्र म्हणाला, “ज्या गांधींना तू बघितलंस ना, त्यांचं त्याच वर्षी जानेवारीत ससूनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन झालं नसतं तर तू खांद्यावर बसून कुणाला बघितलं असतंस?” ही गोष्ट खरी आहे. येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना ससून रुग्णालयात नेले होते, कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने शस्त्रक्रिया केली, मध्येच वीज गेली आणि ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. मातीच्या पट्ट्यांवर आणि उपवासावर ज्यांचा आयुष्यभर विश्वास राहिला त्यांनी वेळ आली तेव्हा सर्जनपुढे मान तुकवली आणि पुढेही मातीवरचा विश्वास सोडला नाही. आजोबांनी त्या रात्री होकार दिला आणि नंतर ते पुष्कळ वर्षे जगले. पण इकडचे तिकडे सांगायचे नाही आणि तिकडचे इकडे, ही सवय त्या घरातून आम्हा सगळ्यांना लागली, आणि तीच माझ्या हातून त्या रकान्यात उतरली असे मला वाटते.

चौथ्या दिवशी मी आत्याला घेऊन पुन्हा केंद्रात गेले. जाऊ नये, असे घरातल्या सगळ्यांचे मत होते. डॉक्टरबाईंनी सगळे ऐकून घेतले. त्यांचा चेहरा उतरला. “मी विचारले होते,” एवढेच त्या आधी म्हणाल्या, आणि मग त्यांनी कागद काढून ती रेघ पाहिली. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, शब्दाची आणि माझ्या गप्प बसण्याची. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. सत्तरीच्या बाईला रसाहार देण्याआधी बोटातले एक थेंब रक्त तपासून साखर पाहायला हवी होती, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. त्यांनीही ते मान्य केले. मला त्यांच्याविषयी राग होता, आणि त्याच वेळी आत्याला संध्याकाळच्या उदासीविषयी विचारणारी हीच बाई होती, हेही विसरता येत नव्हते.

त्या दिवशी त्यांनी जे सांगितले ते नव्या रुग्णाला पहिल्याच दिवशी कुणी तरी सांगायला हवे. निसर्गोपचार औषधाविना चालतो, याचा अर्थ रुग्णाने स्वतःची औषधे सोडून यावे असा नाही. उपवास, रस, गरम-थंड पाणी यांचा शरीरावर खरोखरच परिणाम होतो, आणि म्हणूनच आधीपासून पोटात असलेल्या औषधांशी त्यांची गाठ पडते. रक्तदाबाची गोळी आणि उपवास एकत्र आले तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. जुन्या मधुमेहात पावलांची संवेदना कमी झालेली असते; अशा माणसाला गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसवले तर कातडी भाजते तरी त्याला कळत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर शहाळ्याचे पाणी आणि फळांचे रस यांतले पोटॅशियम साचून हृदयाला अपाय करू शकते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन चालू असताना एकाएकी पालेभाज्यांचा मारा केला तर त्या गोळीचा परिणाम कमी होतो. फिट्सच्या गोळ्या अचानक थांबवायच्या नसतात, आणि ज्यांचे शरीर इन्सुलिन बनवतच नाही त्यांनी ते एक दिवसही सोडायचे नसते. दुधीच्या रसाविषयी त्यांनी मला वेगळे बजावले: फोडीचा तुकडा आधी जिभेवर ठेवून पाहा, कडू लागला तर तो दुधी टाकून द्या, कारण त्या कडूपणात विष असते. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावलेली आहेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०११ साली त्याबद्दल लोकांना सावध केले होते. आमच्या घरात कडू लागलेला रस ‘औषध कडूच असते’ म्हणून डोळे मिटून प्यायले असते, हे मी खात्रीने सांगते.

दुसरीकडे, कुणाकडे जावे, हाही प्रश्न आहेच. त्या डॉक्टरबाई बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योगशास्त्राच्या पदवीधर होत्या. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचे हे शिक्षण आहे, त्यात शरीररचना, शरीरक्रिया, रोगनिदान हे सगळे शिकवतात, आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या उजिऱ्याचे १९८९ साली निघालेले महाविद्यालय धरले तर कर्नाटक या शिक्षणात पुष्कळ पुढे आहे. राज्यात १९६१ च्या कायद्याखाली निसर्गोपचाराच्या डॉक्टरांची नोंदणी होते. तो क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही. मात्र देशपातळीवर या पद्धतीचे नियमन करणारा आयोग नाही, २०२० च्या कायद्याने आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा ही तिबेटी वैद्यकपद्धती यांच्यासाठी जो आयोग आला त्यात निसर्गोपचार नाही, आणि या मोकळ्या जागेत चार शनिवार-रविवारचा वर्ग करून नावामागे पाटी लावणारेही शिरतात. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे की जिथे निसर्गोपचाराच्या नावाने डबे आणि बाटल्या विकल्या जातात तिथून उठावे. माती, पाणी, ऊन, वारा आणि उपवास यांत विकण्यासारखे फारसे काही नसते. आणि जो कुणी तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या स्वतःच्या जबाबदारीवर बंद करायला सांगतो, कॅन्सर किंवा क्षय मातीने बरा करतो म्हणतो, त्याच्याकडे तर पायरीही चढू नये.

आत्याचा नवा तक्ता तयार झाला. उपवास गेला, रसाच्या जागी नाचणीची भाकरी, भाज्या आणि ताक आले, रात्रीचे जेवण साडेसातच्या आत. शेक आणि मातीची पट्टी चालू राहिली. तक्त्याखाली फिजिशियनांचा फोन नंबर लिहिला गेला आणि फिजिशियनांच्या फायलीत तक्त्याची प्रत लागली. वजन महिन्याभरात तीन किलो उतरले तेव्हा त्यांनीच तपासण्या पाहून साखरेची गोळी निम्मी केली. गुडघे पूर्ण बरे झालेले नाहीत. झिजलेली कूर्चा मातीने परत येत नाही, हे डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. पण ती आता जिन्याच्या कठड्याला न धरता चार पायऱ्या चढते, आणि पोटाची तक्रार गेली आहे. फिजिशियन फायलीत प्रत लावताना आम्हाला आणखी एक गोष्ट सांगून गेले होते: खेडोपाडी गुडघेदुखीसाठी बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते, त्याने दोन दिवसांत बरे वाटते, साखर चढते, हाडे पोखरतात, आणि महिनोन्‌महिने घेऊन ती एकाएकी बंद केली तर माणूस कोसळू शकतो. “तुम्ही असलं काही घेत नाही ना?” असे त्यांनी विचारले होते. आत्या तेव्हा खिडकीबाहेर पाहत “नाही” म्हणाली होती, आणि मी तिच्या त्या पाहण्याकडे लक्ष दिले नव्हते.

श्रावण संपता संपता आम्ही पुन्हा केंद्रात गेलो. डॉक्टरबाईंनी नवा कागद पुढे ओढला, या वेळी पेन स्वतःच्या हातात ठेवले, आणि आत्याकडे पाहून विचारले, “अम्मा, गुळगी?” उच्चार अजून परका होता. आत्याने बटवा उघडून तिन्ही पाकिटे टेबलावर एकाशेजारी एक मांडली. डॉक्टरबाई प्रत्येक पाकीट उलटून नाव लिहीत गेल्या, आणि तिसरे लिहून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले. आत्याचा हात अजून टेबलाच्या कडेवरच होता. तिने माझ्याकडे पाहिले. या वेळी मी काहीच अर्थ लावला नाही, नुसती थांबले. मग तिने कमरेला खोचलेला पदर सैल केला, कनवटीतून वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक पुडी काढली आणि पाकिटांच्या शेजारी ठेवली.

“ही पण,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली.”